पाव, चहा आणि पाणी : रोजच्या जगण्यातलं व्यक्तिस्वातंत्र्य

संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमधून दहिसरला उतरून घरी न जाता थेट इथं आलेली काही मंडळी मला समोर दिसतायत. त्यांचे विशेष आभार, कारण त्यांनी आज अजून चहासुद्धा घेतलेला नसणार. गंमत म्हणजे मी आज चहाबद्दलच बोलणार आहे.

विषय जाहीर झालाय तो 'व्यक्तिस्वातंत्र्य आणि सहानुभाव'. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला असा विषय दिला की तो व्याख्येपासून सुरुवात करतो. मीही आयुष्यभर तेच केलं. जॉन स्टुअर्ट मिलचं 'ऑन लिबर्टी' १८५९ साली आलं. स्वातंत्र्याला धोका फक्त सरकारकडून नसतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, जातभाईंकडून, 'लोक काय म्हणतील' या वाक्याकडूनही असतो, हे मिलनं त्यात सांगितलं. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे मला ते पाठच झालं. पण आज मी पुस्तकाकडून येणार नाही, स्वयंपाकघराकडून येणार आहे. आपल्याकडे माणसाचं स्वातंत्र्य किती, याचा निकाल बहुतेक वेळा तिथंच लागत आलाय. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या भांड्यातलं प्यायचं, कुणाच्या शेजारी बसायचं. म्हणून तीन साध्या वस्तू घेऊ या. पाव, चहा आणि पाणी.

पावाची गोष्ट आपल्या इथूनच सुरू करता येते. दहिसरच्या अगदी जवळ मंडपेश्वरची लेणी आहेत. मूळची शैव लेणी, पोर्तुगीजांच्या काळात तिथं चर्च झालं. हा सगळा साष्टी-वसईचा पट्टा पोर्तुगीजांकडे होता आणि 'पाव' हा शब्दही आपल्याला त्यांच्याकडूनच मिळाला. या उत्तर कोकणात एक गोष्ट अजून सांगितली जाते. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावानं नकळत ते पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं. असं प्रत्यक्ष घडलं की नाही, हा प्रश्न वेगळा. मला त्यातला विश्वास महत्त्वाचा वाटतो. माणसाचा धर्म इतका पातळ मानलेला होता की पाण्यात भिजलेल्या पावानं तो विरघळावा! आणि दुसरी बाजू पाहा. ज्यांना 'बाटलेले' म्हटलं, त्यांना परत घ्यायचं की नाही हे ठरवणारे लोक वेगळेच होते. ज्यानं ते पाणी प्यायलं, त्याला कुणी काही विचारलंच नाही.

हे लक्षात घेतलं, की १८४९ साली मुंबईत जे घडलं त्याचं धाडस कळतं. त्या वर्षी काही सुशिक्षित तरुणांनी 'परमहंस सभा' स्थापन केली. तिच्यामागे प्रमुख माणूस होता दादोबा पांडुरंग तर्खडकर. आपण त्यांना मराठी व्याकरणकार म्हणून ओळखतो. त्यांचं व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं आणि पुढे त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणू लागले. म्हणजे भाषेचे नियम घालून देणारा माणूस समाजाचे नियम मोडायला निघाला होता. सभेला जातिभेद मान्य नव्हता. पण नुसतं 'मला मान्य नाही' म्हणणं सोपं असतं. म्हणून सभासद होताना एक परीक्षा असे. ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा आणि परजातीच्या माणसाच्या हातचं पाणी प्यायचं.

मला ही परीक्षा फार आवडते. लेखी परीक्षेत उत्तर पाठ करून लिहिता येतं, इथं ती सोय नव्हती. घास गिळायचा, एवढंच. ज्यानं लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलंय की हे खाल्लं तर आपण आपले राहत नाही, त्याचा घसा त्या क्षणी काय म्हणत असेल, याचा विचार करा.

पण एक गोष्ट होती. हे सगळं गुप्त होतं. सभासदांची नावं बाहेर जाणार नाहीत, या भरवशावर माणसं येत होती. बंद दाराआड पाव खायचा, उपासना करायची आणि घरी जाऊन पुन्हा पाटावर बसायचं. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा मोडली. दहा-अकरा वर्षं चाललेलं काम एका वहीनं संपवलं.

या मंडळींना भित्रे म्हणायचा मोह होतो. तरुणपणी मीही म्हणत असे. आता म्हणवत नाही. त्या काळी बहिष्कार म्हणजे काय, तर घरात मयत झालं तरी खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही. मुलीचं लग्न ठरायचं नाही. शिवाय त्यांच्या कामाचा धागा तुटला नाही. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते. जे दाराआड होतं ते उघड्यावर आलं, थोडं मवाळ होऊन.

तरीही एक प्रश्न राहतोच. त्या बंद खोलीतल्या पावानं कुणाचं काय बदललं? खाणाऱ्याचं मन मोकळं झालं, हे खरं. पण ज्या भटाऱ्यानं तो पाव भाजला, ज्याच्या हातचं पाणी प्यायले, त्याला या क्रांतीची खबर तरी होती का? तो त्यांच्या परीक्षेची वस्तू होता. त्यांच्या पंगतीतला माणूस झाला नव्हता.

आणि याच काळात पुण्यात जोतीराव फुले काय करतात ते बघा. १८६८ साली ते आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करतात. इथं चोरून काही नाही आणि मुख्य म्हणजे परीक्षा स्वतःची नाही. दुसऱ्याला तहान लागलीय, ही गोष्ट आधी. 'मी रूढी मोडली' हे नंतर. सावित्रीबाई शाळेत शिकवायला जात तेव्हा त्यांच्या अंगावर चिखल-शेण पडे, म्हणून त्या बरोबर जादा लुगडं नेत, हे आपण सगळे ऐकत आलोय. त्या जादा लुगड्याचा मी कधी कधी विचार करतो. म्हणजे सकाळी घरातून निघतानाच माहीत आहे, आज काय होणार ते. तरी जायचं, आणि उद्याही जायचं. व्यक्तिस्वातंत्र्याची मला माहीत असलेली ही सर्वांत साधी व्याख्या आहे.

आता चहाकडे येऊ. ऑक्टोबर १८९०. पुण्यातलं पंचहौद मिशन. व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली प्रतिष्ठित मंडळी तिथं जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. हा घाट घातला होता गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या यजमानांनी. कार्यक्रम झाल्यावर मिशनमधल्या मंडळींनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. आता काय करायचं? काहींनी चहा घेतला. काहींनी पेल्याला नुसता हात लावला. काहींनी तेवढंही केलं नाही. आणि मग गोपाळरावांनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली.

पुण्यात हाहाकार झाला. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार केली, चौकशीसाठी शास्त्री आले, साक्षीपुरावे झाले. देशात काँग्रेस स्थापन होऊन पाच वर्षं झालेली, आणि पुण्यातल्या भल्याभल्यांना उत्तर कशाचं द्यावं लागतंय, तर पेल्यातल्या चहाचं! घरच्या कार्यांना भिक्षुक मिळेनात. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं पुढे केलं. आणि १८९२ साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं.

इथं आपण थांबू या, कारण माझ्या मते आजच्या विषयाची गाठ इथंच आहे. रानड्यांनी प्रायश्चित्त का घेतलं? चहा पिणं हे पाप आहे, असं त्यांना वाटत होतं म्हणून नव्हे. त्यांच्या एका स्नेह्याच्या घरी या प्रकरणामुळे फार अडचण झाली होती. रानड्यांनी घेतलं तर बाकीच्यांनाही घेता येईल आणि त्यांच्या घरच्यांची कोंडी सुटेल, अशी ती परिस्थिती. रानडे तयार झाले. सुधारक मंडळींनी त्यांच्यावर टीका केली. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात हा प्रसंग लिहिलाय. हे पुस्तक १९१० चं. ज्या नवऱ्याला ती बाई देवासारखं मानत होती, त्याचं हे करणं तिला रुचलं नाही, आणि तिनं ते लपवलं नाही. हीसुद्धा त्या काळातली एक बंडखोरीच म्हणायची. ज्या घरात वाचायला शिकल्याबद्दल सासरच्या बायकांचे टोमणे खाल्ले, त्याच घराबद्दल पुढे पुस्तक लिहायचं आणि त्यात नवऱ्याशी झालेला मतभेद नोंदवायचा.

आता तुम्ही न्याय करा. रानडे चुकले का? वर्गात हा प्रश्न विचारला की विद्यार्थी दोन गट करतात. एक गट म्हणतो, ते नमले. दुसरा म्हणतो, त्यांनी मित्राची अडचण ओळखली, हाच मोठेपणा. म्हणजे बघा, एकाच माणसात स्वातंत्र्य आणि सहानुभाव समोरासमोर उभे राहिले.

सहानुभाव म्हणजे नुसती कणव नाही. आपल्या परंपरेत एक सुंदर शब्द आहे, परकायाप्रवेश. शंकराचार्यांच्या आख्यायिकेत तो येतो. दुसऱ्याच्या देहात शिरून जगणं. अठराव्या शतकात ॲडम स्मिथनं नीतीचा पाया म्हणून जवळपास हेच मांडलं, की कल्पनेनं दुसऱ्याच्या जागी उभं राहता येणं. पण या परकायाप्रवेशात एक खोच आहे. आपण कुणाच्या कायेत शिरतो? ज्याचं घर आपल्या घरासारखं, त्याच्यात आपण चटकन शिरतो. मित्राची अडचण रानड्यांना दिसली आणि ती खरीच होती. पण ज्याच्या हातचा चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यायचं, त्या यजमानाला या प्रायश्चित्तानं काय सांगितलं? 'तुझ्या हातचं प्यायल्यानं आम्ही अशुद्ध झालो होतो.' त्या माणसाच्या कायेत त्या दिवशी कुणीच शिरलं नाही. रानड्यांसारख्या मोठ्या मनाच्या माणसाचंही असं होऊ शकतं, तर तुमची-आमची काय कथा!

आणि गोपाळरावांचं काय? त्यांनी ढोंग उघडं पाडलं, हे मान्य. पण दुसऱ्यांचं नाव परस्पर छापून, त्यांच्या घरच्या बायकामुलांवर बहिष्कार ओढवून. त्यांच्याकडे बंडखोरी होती, सहानुभावाचा पत्ता नव्हता. नियम न पाळणं हेच मुळात मोलाचं, असं मिलच्या काही वाक्यांवरून वाटू शकतं. मला वयाबरोबर ते अपुरं वाटू लागलंय. रूढी मोडणाऱ्याला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. याची किंमत कोण मोजणार? आणि हे तू कुणासाठी करतोयस?

हे दोन्ही प्रश्न हातात घेऊन आपण तिसऱ्या वस्तूकडे, पाण्याकडे जाऊ. महाड, २० मार्च १९२७. पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनं त्याला धरून चवदार तळं खुलं असल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर स्वातंत्र्य होतं. पण त्या पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसं रांगेनं तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं, प्यायले. मागून बाकीचे प्यायले. कृती एवढीच. गुरंढोरं त्या तळ्याचं पाणी रोज पीत होती. परधर्मीय पीत होते. फक्त ही माणसं पीत नव्हती.

किंमत कोणी मोजली? त्यांनीच, आणि त्याच दिवशी. हे आता देवळातही शिरणार, अशी अफवा उठली आणि परत निघालेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला. गावोगाव मार बसला. नंतर तळं पंचगव्याच्या घागरी ओतून 'शुद्ध' करण्यात आलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो १९३७ साली. एक ओंजळ पाणी, दहा वर्षं.

पण मला महाडमधली आणखी एक बाजू सांगायचीय. तिथं काही सवर्ण मंडळीही होती. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी स्वतःची जागा दिली. या माणसांनी काय केलं ते नीट बघा. त्यांनी पुढे होऊन ओंजळ भरली नाही. ती ओंजळ ज्यांची होती त्यांचीच राहू दिली. यांनी ठराव केले, जागा दिली, बाजूला उभे राहिले आणि आपल्या जातीचा रोष अंगावर घेतला. परकायाप्रवेश म्हणजे दुसऱ्याची जागा बळकावणं नव्हे, हे त्यांना कळलं होतं.

त्याच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांपुढे भाषण केलं आणि जातीची ओळख सांगणारा पेहराव सोडून द्यायला सांगितलं. बायकांनी लुगडं नेसायची पद्धत लगेच बदलली. पायघोळ नेसायचं, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं. आज आपल्याला वाटेल, लुगड्यात काय एवढं? आगरकरांनाही लोक असंच हसले होते. 'स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत' असा निबंध त्यांनी लिहिला, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला हे काय सुचलं, असं अनेकांना वाटलं. पण आगरकरांना पक्कं ठाऊक होतं की गुलामी कायद्याच्या पुस्तकात जेवढी असते, त्याहून जास्त अंगावरच्या कपड्यात, कपाळावर, केसांत आणि भांड्यांत असते. महाडहून परत गेलेल्या बाईला त्याच गावात, त्याच वाटेनं, नव्या पद्धतीचं लुगडं नेसून चालायचं होतं. तिथं मोर्चा नव्हता, नेता नव्हता. ती एकटी होती.

आता शेवटी थोडं स्वतःबद्दल सांगतो. सांगावं की नाही, असा विचार करत होतो, पण न सांगता एवढं सगळं बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आमच्या दहिसरच्या घरी बरीच वर्षं एक बाई धुणंभांडी करायला येत होत्या. त्यांची जात आम्ही कधी विचारली नाही, असं मी लोकांना अभिमानानं सांगत असे. पण त्यांचा चहाचा स्टीलचा पेला वेगळा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा. तो वेगळा कुणी ठेवला, कधी ठेवला, कुणालाच आठवत नाही. तो आपोआप वेगळा झाला. मी आगरकर शिकवून घरी यायचो, कपबशीतून चहा प्यायचो आणि मला तो पेला दिसायचा नाही. डोळ्यांपुढे होता, पण दिसायचा नाही.

निवृत्तीनंतर घरी जास्त राहू लागलो, तेव्हा एक दिवस दिसला. फार लाज वाटली. लाज वाटल्यावर पुरुष करतात तेच मी केलं, एकदम क्रांती. त्यांना म्हटलं, बाई, आज खुर्चीवर बसा, आमच्या कपातून चहा घ्या. त्यांनी कप घेतला, पण बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच घाईनं प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचं ठीक आहे. मला या बिल्डिंगमध्ये पाच घरं करायची असतात. उद्या कुणी म्हणेल, ही आता खुर्चीवर बसायला लागली."

मी पंचहौद प्रकरण किती वेळा शिकवलं असेल! आणि माझ्याच घरी मी गोपाळराव जोशी झालो होतो. धाडस माझं, किंमत त्यांची.

मग आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि पत्नीनं, वेगळा मार्ग धरला. तो पेला काढून टाकला आणि घरात सगळे कप एकसारखे आणले, म्हणजे कुणाचा कुठला हे कळायलाच नको. बसायचं की उभं राहायचं, हे त्यांच्यावर सोडलं. किंमत आपण मोजायची अशी जागा कुठली, ते शोधायला लागलो. ती फार लांब नव्हती. आमच्या सोसायटीच्या लिफ्टबाहेर पाटी होती, की घरकामाच्या बायकांनी ही लिफ्ट वापरू नये. ती पाटी लागली त्या सभेला मी हजर होतो आणि गप्प बसलो होतो. आता पुढच्या सभेत उठलो आणि म्हणालो, ही पाटी काढावी. सत्तरीच्या माणसाचे पाय यासाठी लटपटावेत, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. इंग्रज सरकार नव्हतं, शंकराचार्यांचे शास्त्री नव्हते. समोर माझे शेजारी होते. ज्यांच्याबरोबर सकाळी फिरायला जातो ते. मिल ज्याला समाजाचा जुलूम म्हणतो, तो मला सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पोटात जाणवला.

ठराव नामंजूर झाला. माझ्या बाजूनं तीन हात वर आले. दोन शेजारी काही महिने बोलेनासे झाले, आणि एक, जे सभेत गप्प होते, जिन्यात भेटून म्हणाले, "बरं बोललात." पुढे लिफ्टला रंग काढला तेव्हा पाटी खाली उतरवली आणि नंतर ती परत लावायची कुणाला आठवण झाली नाही. की कुणी मुद्दामच विसरलं, कोण जाणे. तेवढं यश मला पुरलं.

त्या बाईंना आता होत नाही म्हणून त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी हिशेब घ्यायला आल्या तेव्हा पत्नीनं चहा टाकला. त्या खुर्चीवर बसल्या. आम्ही बसा म्हटलं नव्हतं.

आज घरी जाल तेव्हा चहा होईलच. घरात एखादा पेला पालथा घातलेला आहे का, एवढं फक्त बघा.